कोरडं चढायचं

आमच्या संडासाची टाकी धड भरत नाही, हे मी मुलाला कधीपासून सांगत होते, आणि तो फोनवर ‘बघतो गं आई, आलो की बघतो’ म्हणत होता. त्याचे आता आभार मानावेत की कान उपटावेत, हे मला अजून कळलेलं नाही. कारण त्या दिवशी सकाळी सून कामाला निघून गेल्यावर मी आत गेले, तर अर्धवट वाहून गेलेलं मागे राहिलं होतं, आणि ते काळं होतं. नुसतं गडद नव्हे. काळं, चकचकीत, भांड्याला चिकटून बसलेलं. आणि त्याला वास होता. संडासात वास असायचाच, त्यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण हा वास वेगळा असतो. गोडसर, जड, घशात बसणारा. एकदा घेतला की माणूस तो विसरत नाही, आणि मी तो एकदा घेतला होता, जुन्या घरात, हे गेले त्या आठवड्यात. मी दाराची कडी धरून उभी राहिले. गॅसवर दूध ठेवलं होतं, ते उतू जाऊन गॅस विझल्याचा आवाज आला. तरी मी कडी सोडली नाही.

ह्यांचे गुडघे. सगळं त्या गुडघ्यांपासून सुरू झालं होतं. टपालखात्यात उभ्याने काम, पत्रं वाटून खणात टाकायची, दिवसभर. संध्याकाळी गुडघे सुजून यायचे आणि हे खिशातून गोळी काढून पाण्याशिवाय गिळायचे, मुलं खडीसाखर खातात तशी. ‘अहो, काहीतरी खाऊन तरी घ्या,’ मी म्हणायची. ‘गोळी गुडघ्याला घेतोय, पोटाला नाही,’ हे म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. फार विनोदी माणूस. पुढे भूक गेली, छातीखाली जळजळ सुरू झाली. मग एका दुपारी, जेवायच्या वेळेला, जेवणघरात आले आणि खुर्ची धरता धरता खाली बसले ते बसलेच. त्याच्या आदल्याच दिवशी सुनेने मला न्हाणीघराच्या दारातून हाक मारली होती. नवी नवरी ती, लग्न होऊन महिनाही झाला नसेल. ‘आई, जरा इकडे या. बाबांचं हे बघा. हे बरोबर नाही वाटत मला.’ मी बघितलं, आणि मला वाटलं, या पोरीला लाजबीज काही आहे की नाही. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. पोटात जखम झाली की आतल्या आत रक्त गळतं, आणि ते आतड्यांतून खाली येईपर्यंत काळं पडतं. रक्त म्हणजे लाल, असं आपण जन्मभर धरून चालतो. ते काळं होऊन रोज सकाळी आपल्यासमोर येतं आणि आपण पाणी ओतून बाहेर पडतो. घरात ही गोष्ट नीट ठाऊक असलेल्या दोघीच, मी आणि ती. मुलाला आम्ही तपशील कधी सांगितला नाही.

आणि आता तिचंच. मी गॅस बंद केला, दूध तसंच सोडलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. खिडकीतून समोरच्या इमारतींच्या डोक्यावरून ती क्रेन दिसते. पिवळी, उंच, लांबलचक हात पसरलेली. त्या हाताच्या मुळाशी एक काचेची खोली आहे, इथून काड्यापेटीएवढी दिसते, आणि त्या काड्यापेटीत आमची सून बसते. पाहुणे आले की मी त्यांना खिडकीशी नेते आणि बोट दाखवून म्हणते, ‘ती बघा आमची सून.’ पाहुणे क्रेनकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. एक बाई तर मला बिचारीला काय झालंय हे विचारायला मुलाच्या कानाशी लागली होती. मला त्याची भारी गंमत वाटते. पहिल्यांदा तिने हे काम शिकायचं म्हटलं तेव्हा मीच आकांडतांडव केलं होतं, हे कबूल आहे. साईटवर सामानाच्या कोठाराची राखण करायची ती, चांगलं खाली बसून काम होतं. पण दुपारच्या सुट्टीत मान वर करकरून क्रेनकडे बघायची, आणि एक दिवस मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिली, मला शिकवा म्हणाली. ‘बघू किती दिवस टिकते,’ असं साहेब हसत म्हणाले होते. ती टिकली. आता अवघड वजन असलं, वारा असला, की साहेबच विचारतात, ‘बाई आहेत का आज वर?’ क्रेन हलत होती. हात सावकाश फिरत होता. म्हणजे ती अजून शुद्धीवर होती.

खरं तर गेले काही दिवस घरात तिच्या पोटाचाच विषय चालू होता, आणि त्याचा मला जास्त राग येतो. कुणी लपवलं असतं तर गोष्ट वेगळी. अक्कलदाढ आडवी आली, गाल फुगला, दाढ काढली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी अँटिबायोटिक दिलं आणि दुखण्यावरची गोळी दिली, दोन्ही खाऊन मगच घ्या म्हणाल्या, आणि वर विचारलंसुद्धा, दुसरी कुठली गोळी चालू आहे का? मी शेजारीच बसले होते. सून नाही म्हणाली आणि मीही मान हलवली. मला कुठे ठाऊक, की तिच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात पाठदुखीच्या गोळ्यांची पाकिटं असतात! क्रेनवरच्या त्या खोलीची जमीनसुद्धा काचेची असते. दिवसभर गुडघ्यांच्या मधून खाली बघत बसायचं, मान मोडून येते, कंबर धरते. वर चढणारे सगळेच ती गोळी खातात, औषधाच्या दुकानातून सुटी आणतात. तिच्या लेखी ते औषधच नव्हतं. ती रोजचीच. तर झालं काय, पाठीची एक आणि दाढेची एक अशा एकाच जातीच्या दोन गोळ्या पोटात, आणि सोबत अँटिबायोटिक. तिला मळमळायला लागलं, जुलाब झाले, पोटात आग पडली, आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, अँटिबायोटिक आहे, होणारच. मुलगा फोनवर म्हणाला. शेजारीण म्हणाली. मी तर दह्याची वाटी घेऊन तिच्या मागे फिरत होते, मोठी शहाणी. अँटिबायोटिकने पोट बिघडतं ते खरंच आहे, तिचंही बिघडलं असेल. पण त्या बदनामीच्या आडून दुसरीच गोळी आपलं काम करत होती. नाव एकाचं आणि चोरी दुसऱ्याची.

आणि खाऊन घ्या म्हणजे काय? वर जाणारे खातात कधी? ही त्यांची एक रीत आहे, ती मला फार उशिरा कळली. कोरडं चढायचं. सकाळी पोटात अन्न नाही, पाणी नाही, जेमतेम दोन घोट काळी कॉफी. कारण वर संडासाची सोय नाही. एकदा चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरायचं नाही, कारण एक माणूस उतरला तर खाली शंभर हात रिकामे बसतात. पुरुष बाटलीवर भागवतात, आणि त्यावरून आपसांत गलिच्छ विनोदही करतात. बाईमाणसाने काय करायचं? तिने त्यावर एकच उपाय शोधला, सगळ्यांपेक्षा कोरडं चढायचं. आदल्या संध्याकाळपासूनच पाणी तोडायची. त्याचा तिला अभिमान होता, हो! ‘आई, मला आजपर्यंत एकदाही मधेच उतरावं लागलेलं नाही,’ असं मला सांगताना तिची मान कशी ताठ व्हायची. मी ते कौतुकाने ऐकायची. म्हणजे जुलाब चालू असताना ही बया उपाशीपोटी दोन जातींच्या तीन गोळ्या काळ्या कॉफीबरोबर गिळून शिडी चढत होती, आणि आदल्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘पोट रिकामं ठेवलं की त्रास नाही होत.’ पोट रिकामं ठेवल्यामुळेच तर होत होता. मला तिला दोन थोबाडीत द्याव्यात आणि मग पोटाशी धरावं असं वाटत होतं, आणि ती तर तिकडे, आभाळात.

फोन लावण्यात अर्थ नव्हता, फोन खाली कपाटात ठेवून जातात. मी निघाले. आमच्या गल्लीतून साईट जवळ दिसते, चालायला लागलं की लांब होते. दुकानांची शटर वर जात होती, कुणी फुटपाथवर पाणी मारत होतं, आणि मी वर बघत चालत होते, त्यामुळे दोनदा माणसांवर आदळले आणि एकदा खांबावर. चालताना मला तिची मागच्या काही दिवसांतली एकेक गोष्ट दिसायला लागली. जिना चढून आल्यावर दार उघडायच्या आधी ती जरा थांबायची, मला वाटायचं किल्ली शोधतेय. ओठांचा रंग उतरला होता, मला वाटलं दाढेमुळे. रात्रीचं ताट तसंच सरकवायची, मला वाटलं चव गेली. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी घरात डोळे मिटून बसत नाही, माझ्या नजरेतून सुई सुटत नाही असं सगळे म्हणतात. पण दिसलेल्याला लगेच नाव देऊन टाकायची मला घाई असते, आणि एकदा नाव दिलं की मी पुन्हा बघत नाही. आणि शिडी. ती शिडी उतरताना चक्कर आली तर? वर बसल्या बसल्या शुद्ध गेली, हातातली दांडी सुटली, आणि खाली माणसं उभी असली तर? मी पळायला लागले. या वयात मी पळताना कशी दिसत असेन ते देवाला ठाऊक.

फाटकावरच्या रखवालदाराने आडवा हात घातला. ‘बाहेरच्यांना आत मनाई आहे, मावशी.’ मी म्हटलं, ‘मी बाहेरची नाही, क्रेनवरच्या बाईंची सासू आहे.’ त्यावर तो इतका गोंधळला, की त्याने मला एक हेल्मेट दिलं आणि त्या माणसाकडे नेऊन सोडलं ज्याला साईटवर भोंगा म्हणतात. भोंगा म्हणजे तिचे खालचे डोळे. तिला वरून दिसत नाही ते हा वॉकीटॉकीवर सांगतो, डावीकडे, थांब, सोड, थोडं अजून. तिच्या तोंडून मी त्याच्याबद्दल पुष्कळ ऐकलं होतं. माणूस अंगाने किरकोळ आणि आवाज मात्र असा, की यंत्र बंद केलं तरी वर ऐकू जावा. ‘तुम्ही? इथे? घरी काही झालं का?’ तो म्हणाला. ‘मला तिच्याशी बोलायचंय,’ मी म्हटलं. ‘बोला की,’ असं म्हणून त्याने वॉकीटॉकी पुढे केला, आणि मग जरा खजील होऊन म्हणाला, ‘फक्त एवढं लक्षात ठेवा, हे सगळ्यांना ऐकू जातं. दोन्ही क्रेन, सगळे मजले, साहेबांची खोली.’

माझा हात तसाच राहिला. काय बोलणार होते मी? अगं, तुझा संडास काळा झालाय, खाली ये? सगळ्या साईटला ऐकवून? त्या मोठ्या साहेबांच्या खोलीत, जे म्हणाले होते बघू किती दिवस टिकते? उद्या म्हणतील, बाईंचं पोट वर झेपत नाही. आणि तिच्या खुर्चीत दुसरा कुणी बसवतील, तात्पुरता म्हणून, आणि तो तात्पुरता तिथेच राहील. एका वाक्याने मी तिचं सगळं मिळवलेलं मातीत घातलं असतं. मी उभा जन्म टेलिफोनच्या एक्स्चेंजात काढला, कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात. तिथे एक गोष्ट शिकले, की तारेवर तिसरा कान असतोच, आणि ज्यांना एकमेकांशी खरंच काही बोलायचं असतं ती माणसं त्या तिसऱ्याला बाहेर ठेवूनही बोलू शकतात. नवरा-बायको बोलायचे, मुलगा आईशी बोलायचा, मी ऐकत असायची आणि मला एक अक्षर कळायचं नाही. पण ती दुसऱ्यांची बोलणी. माझी स्वतःची वेळ आल्यावर मला काही म्हणजे काही सुचेना.

‘बाई, खाली तुमची सासू आलीय,’ भोंग्याने माझ्या वतीने वर्दी दिली. यंत्रात खरखर झाली. ‘कोण?’ ‘सासू, सासू!’ त्यावर तिसराच एक आवाज हसत आला, ‘पळा आता बाई. आम्हाला वाटायचं वर आलं की निदान सासूपासून सुटका.’ ‘दुसऱ्या क्रेनवरचे काका,’ भोंगा मला म्हणाला, ‘सगळ्यांत जुने. बोलतात फार.’ सगळ्या मजल्यांवरून हसू आलं. मग तिचा आवाज, बारीक, दमलेला, मला तरी दमलेला वाटला. ‘आई? काय झालं? तुम्हाला बरं आहे ना?’ आणि माझ्या ओठांवर आलंच होतं, की नाही गं, मला बरं नाही, छातीत दुखतंय, खाली ये. किती सोपं होतं! कुणाला काही कळलं नसतं, तिचं नाव झाकलं गेलं असतं. सासूसाठी उतरली, यात काय कमीपणा? पण मी मान वर केली आणि ती शिडी बघितली. जवळून पहिल्यांदाच. पिंजऱ्यासारख्या खांबाच्या आतून वर वर गेलेली, मधे मधे जाळीचे छोटे कट्टे, आणि पुन्हा शिडी. माझ्या छातीत दुखतंय म्हटल्यावर ही पोर ती शिडी कशी उतरली असती ते मला चांगलं ठाऊक होतं. धावत. अंगात रक्त नसताना, दोन दोन पायऱ्या सोडत. मी खोटं बोलले असते तर त्या खोट्यानेच ती पडली असती.

‘मला काही झालेलं नाही,’ मी म्हटलं. ‘घरी सगळं ठीक आहे. कसलीही घाई नाही, कळलं? नीट ऐक. बाबा गेले त्या आठवड्यात तू मला एक गोष्ट दाखवायला हाक मारली होतीस. तेव्हा तुझंच बरोबर होतं.’ खरखर. वारा. ‘तेच मी आज सकाळी पुन्हा बघितलं. आपल्या घरी.’ कुणी हसलं नाही, पण कुणाला काही कळलंही नसावं. भोंगा माझ्याकडे बघत होता. वर काचेच्या खोलीत काही हललेलं दिसत नव्हतं. बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि तेवढ्यात मला वाटून गेलं की संपलं, हिची शुद्ध गेली. मग आवाज आला. ‘आई, नक्की?’ ‘नक्की. वाससुद्धा.’ ‘बरं,’ ती म्हणाली, अगदी घरात म्हणते तसं, मी मीठ आण म्हटल्यावर. ‘माझ्या आकड्याला भिंत आहे. ती ठेवते आणि उतरते.’

तेव्हा कुठे मी बघितलं, की क्रेनच्या हाताखालच्या लोखंडी आकड्यातून एक अख्खी भिंत लोंबकळत होती. खिडकीचं भोक असलेली, खोलीची एक पूर्ण बाजू. वरच्या मजल्यावर माणसं तिची वाट बघत उभी होती, हात वर करून. मला वाटलं, टाक ती कुठेतरी खाली आणि ये! पण भिंत अशी कुठेतरी टाकता येत नाही. भोंग्याने वॉकीटॉकी घेतला आणि त्यांचं ते बोलणं सुरू झालं, ज्यात एकही शब्द वाया जात नव्हता. डावीकडे. अजून. थांब. वाऱ्याने भिंत हळूच फिरायला लागली आणि मजल्यावरची माणसं एक पाऊल मागे सरली. ती थांबली. काही केलं नाही तिने, नुसती थांबली, भिंतीला आपलं फिरणं संपवू दिलं. मग क्रेनचा हात केसभर पुढे सरकला आणि भिंत मुकाट झाली. हे सगळं, पोटात जखम आणि डोळ्यांपुढे अंधारी असताना. झोपलेलं मूल गादीवर ठेवतात तशी ती भिंत तिने त्या माणसांच्या तळहातांत उतरवली, आणि भिंत टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मी इतकी वर्षं पाहुण्यांना खिडकीतून बोट दाखवत होते, पण मी काय दाखवत होते हे मला तोवर माहीत नव्हतं. माझे डोळे भरून आले. आमच्या सात पिढ्यांत कुणी एवढं नाजूक काम केलं नसेल. आणि हिला मी पोळी जाडी झाली म्हणून बोलते.

‘भोंगा,’ मी म्हटलं, त्याचं खरं नाव मला ठाऊकच नव्हतं, ‘तिला उतरताना चक्कर येईल. कुणाला तरी वर पाठव. कारण विचारू नकोस.’ त्याने विचारलं नाही. एका धिप्पाड माणसाला पट्टा आणि दोरी देऊन शिडीवर चढवलं. ‘बाईंना म्हणायचं शिडीचे बोल्ट तपासायला आलोय,’ असंही सांगितलं, तेव्हा मला त्या माणसाचा एक मुका घ्यावासा वाटला. मग ती निघाली. खालून मला फक्त बुटांचे तळवे दिसत होते. एक तळवा खाली यायचा, पायरी चाचपायचा, टेकायचा, मग दुसरा. प्रत्येक कट्ट्यावर ती बसत होती. धिप्पाड माणूस तिच्या एक पायरी खाली राहून उतरत होता. एका कट्ट्यावर ती बसली ती उठेचना, आणि त्याने दोरी तिच्या कमरेला बांधलेली मला दिसली, आणि तिने ती बांधू दिली. तेवढ्यावरून मला कळलं किती झालंय ते. मी देवाचं नाव घ्यायला लागले तर मला मधेच ह्यांचं नाव आठवायला लागलं, आणि मी ह्यांनाच म्हटलं, अहो, एकदा तरी उपयोगी पडा.

खाली आली तेव्हा तिचा चेहरा सिमेंटच्या रंगाचा झाला होता. तिथेच पोत्यांच्या चळतीवर मी तिला टेकवली. हात गार, कपाळावर घाम. ‘मी बघितलं नाही, आई,’ ती म्हणाली. ‘मुद्दाम बघितलं नाही. दिवा न लावताच जात होते.’ मी तिचं हेल्मेट काढलं आणि केस मागे सारले. पुढचं दवाखान्यातलं सगळं रीतसर झालं, सलाईन, रक्ताच्या पिशव्या, तोंडातून नळी घालून आतली जखम बंद करणं. त्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या, माझा मुलगा पहिल्या गाडीने आला आणि रडला, आणि ती बरी झाली. डॉक्टर म्हणाले, अजून एखादा दिवस वर चढली असती तर आम्ही काही बोलू शकलो नसतो. पण ते नंतरचं. दवाखान्याची गाडी यायच्या आधी त्या पोत्यांवर जे झालं, ते मला सांगायचंय.

भोंगा गाडीसाठी फोन करून परत आला आणि तिने त्याच्यापुढे हात केला. ‘वॉकीटॉकी दे.’ मी तिचं मनगट धरलं. ‘अगं, कशाला? कुणाला काही कळलेलं नाही. दाढेमुळे चक्कर आली म्हणू. मी सगळं सांभाळून बोललेय.’ ‘माहितीय,’ ती म्हणाली. ‘फार छान बोललात तुम्ही.’ आणि माझा हात हळूच बाजूला करून तिने ते बटण दाबलं. ‘मी बोलतेय,’ ती म्हणाली. मधे मधे दम खात होती. ‘सगळ्यांनी ऐका. माझ्या पोटातून रक्त जातंय. पाठीची गोळी, वर दाढेची गोळी, तीही उपाशीपोटी, त्याने झालंय. मला वाटलं अँटिबायोटिकने पोट बिघडलंय. संडासला काळं होत होतं आणि मी बघितलं नाही. तुमच्यापैकी जे गोळी खाऊन कोरडे चढतात, त्यांनी उद्यापासून तसं चढू नका. खाऊन चढा. मधे उतरावं लागलं तर उतरा. मी उतरलेय आज.’ मी लाजेने खाली बघत होते, आणि मग लक्षात आलं की आसपास सगळीच माणसं खाली बघताहेत. हातोडे थांबले होते. कुणीतरी नळ बंद केला. साहेबांच्या खोलीतून काही आवाज आला नाही. मला वाटलं, गेलं. सगळं गेलं. स्वतःच्या तोंडाने घालवलं हिने, आणि त्याच क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिला चिकटून पोत्यावर बसले.

यंत्रात खरखर झाली. मग आवाज आला. काकांचा. त्यात चेष्टा अजिबात नव्हती.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘काळं म्हणजे कसं काळं?’

तिने मान वर करून दुसऱ्या क्रेनकडे बघितलं. ‘डांबरासारखं, काका. चिकट. धुतलं तरी जात नाही.’

खरखर. काकांच्या क्रेनचा हात मधेच थांबला. त्याच्या आकड्याला काँक्रीटची बादली होती, ती जराशी डोलत होती. ‘काका?’ भोंगा म्हणाला, आणि मी पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आलेला ऐकला. ‘काका, बोला.’

‘ही बादली ठेवतो,’ काका म्हणाले, ‘मग उतरतो. शिडीखाली कुणीतरी उभं राहा रे.’